अण्णांचं स्वल्प युद्ध

युद्धावर बातमीदारी केलेल्या पत्रकारांची चरित्रं लिहायला घेतली की पुस्तकापेक्षा किस्सेच जास्त जमतात. आमच्या चरित्रमालेत माझ्या वाट्याला मल्लेश्वरमचे अण्णा आले. कैक पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घर. मी पुण्याहून आलेली, हातात रेकॉर्डर आणि अंगात प्रचंड घाई!

*

पहिल्याच भेटीत विचारलं, "अण्णा, तोफांचा मारा किती होता?"

"स्वल्प."

"आणि पायाला लागलं ते?"

"तेही स्वल्प."

स्वल्प म्हणजे कन्नडमध्ये थोडंसं. नंतर त्यांच्या पत्नीनं, म्हणजे अक्कांनी, एक्स-रे दाखवला. मांडीत अजून लोखंडाचे तुकडे आहेत!

*

पहिलं प्रकरण मी मोठ्या झोकात वाचून दाखवलं. "गोळ्यांच्या वर्षावात अण्णा निधड्या छातीने उभे होते..."

"उभा? अगं, उभा असतो तर आज फोटोला हार असता! मी आडवा होतो, नाक चिखलात. खोड ते!"

खोडलं.

*

एका कॉलेजात मुलानं विचारलं, "सर, जिंकल्याचा क्षण कसा होता?"

अण्णा म्हणाले, "दोन्हीकडच्या शाळा बंद होत्या. तेवढं आठवतं."

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळेना.

*

एकदा अण्णा युद्धात बेपत्ता झाले होते. कित्येक आठवडे पत्ता नाही. "ते प्रकरण नसेल तर पुस्तक निघणार नाही," असं आमच्या संपादक मॅडमनी बजावलं होतं. अण्णा मात्र दरवेळी विषय टाळायचे. शेवटी मी वैतागले. "अण्णा, लोकांना हे कळायला हवं! तेव्हा काय झालं?"

"मला काय व्हायचंय? मी जिवंत आहे हे मला ठाऊक होतं. हिला नव्हतं. हिला विचार."

अक्कांना विचारलं.

"काळजी वाटली," त्या म्हणाल्या. "स्वल्प."

*

गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच प्रकरणासाठी गेले. अक्का फोडणी करत होत्या. "येतो गं," म्हणून अण्णा कोथिंबीर आणायला खाली उतरले. थोड्याच वेळात फोन वाजला. अक्कांनी गॅस तसाच ठेवून तो झडप घालून उचलला.

"पोचलो," अण्णांचा आवाज.

"सरी," म्हणजे कन्नडमध्ये 'बरं', एवढंच अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"अक्का, दुकान लांब आहे का हो?"

त्यांनी मला बाल्कनीत नेलं. समोरच्याच फुटपाथवर अण्णा कोथिंबिरीची जुडी हातात धरून उभे. आम्हाला पाहून त्यांनी ती हलवली.

अक्कांनीही हात हलवला.

"आता निघाले की परत फोन येईल," त्या म्हणाल्या. नजर रस्त्यावरच. "तोवर तू फोडणीकडे बघ."