नोराच्या छातीवरचं मीठ

नोरा गेली त्याला आता सव्वा महिना झाला. त्या दिवशी सकाळी लवीनाचा फोन आला तेव्हा मी चंदनसारला मुलाच्या घरी मेथी निवडत बसले होते. लवीना म्हणजे नंदाखालला नोरा ज्यांच्या वाडीत भाड्यानं राहायची, त्या घरची सून. शेवटची चार वर्षं नोराचं सगळं तिनंच केलं. म्हणाली, "मावशी, आंटी गेली. थंड पेटी मागवलीय. भाचा ऑस्ट्रेलियाहून यायचाय, दोन दिवस लागतील." मी विचारलं, "मीठ ठेवलं का तिच्या छातीवर?" लवीनाला वाटलं असणार, म्हातारी गोंधळली. मी मेथी सुनेकडे सरकवली आणि लुगडं बदललं.

नोराला सगळे गोरी बाई म्हणायचे, म्हणून आधी ते सांगते. तिचे पणजोबा आयर्लंडमधून इंग्रजांच्या पलटणीत शिपाई होऊन आले आणि परत गेले नाहीत. आजोबा रेल्वेत लागले. वडील मिठागरांवर सरकारी साहेब होऊन आमच्या खाडीकाठच्या गावात आले. आम्ही आगरी. माझे आईबाप त्याच मिठागरात राबायचे. साहेबाला इंग्रज म्हटलेलं खपत नसे. एकदा बांधावर माझ्या बापाला म्हणाला, "आमच्या मुलखावर पन इंग्रजाचंच राज होतं." बाप म्हणाला, "मंग त्याच्या पलटनीत कशाला आलात?" "पोटासाठी." "मंग आपन सारखंच. तुमच्या पायात बूट हायत, येवढंच." साहेब हसला, पण दुसऱ्या दिवशी बापाकडून तोच बांध दोनदा लिंपून घेतला. माणूस असा होता.

नोरा आणि मी एका वयाच्या. मी चौथीनंतर घरी बसले आणि आईबरोबर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहू लागले. ती सिस्टरांच्या शाळेत गेली, नर्स झाली आणि आमच्याच भागातल्या दवाखान्यात सुईणपण करायला आली. मिठागराच्या बांधावरून सायकल चालवायची. पडली की चिखलासकट बाळंतिणीच्या घरी हजर. माझी तिन्ही पोरं तिच्या हातावर झाली. थोरल्याच्या वेळी मी ओरडत होते तर म्हणते, "कोकलू नको हिरे, पोर भायेर येतंय, घर नाय जळत." आमची बोली ती आमच्यापेक्षा चांगली बोलायची. तिचे दोघे भाऊ ऑस्ट्रेलियाला गेले, तेव्हा तिचेही कागद तयार झाले होते. पण तिचा बाप हलेना. आमच्या घराण्यानं एकदा समुद्र ओलांडला तेवढं पुरे, म्हणायचा. नोरानं मला स्वच्छ सांगितलं होतं, बाप आहे तोवर मी इथं, नंतर एक दिवसही राहायची नाही.

बाप गेला तेव्हा मी तिच्या मदतीला गेले होते. त्याला पलंगावर सूटबूट घालून निजवलेलं, आणि छातीवर पितळी ताटलीत मूठभर मीठ. मिठागरातले लोक दर्शनाला आले होते. मागं कोणीतरी हळूच म्हणालं, "साहेब वर पन मीठ तपासाला चालला." दोघं-तिघं हसले. मला वाटलं, दुःखानं नोराचं डोकं फिरलंय, पण ती वेळ विचारायची नव्हती. माणसं त्याला पेटीत घालायला आली तेव्हा तिनं ताटली उचलून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांबरोबर दफनाला गेली. मी मागं राहून घर आवरलं. आमच्यात सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे आणून देतात. तिला कोण देणार? म्हणून मीच पेज टाकली. आणि ताटलीतलं मीठ स्वयंपाकघरातल्या बरणीत ओतलं. ज्या बाईनं डोक्यावरून मीठ वाहिलंय तिच्यानं मीठ फेकवत नाही. त्याच बरणीतलं चिमूटभर पेजेत घातलं.

नोरा आली, भुकेली होती, एक वाडगा संपवला, दुसरा अर्धा झाला तेव्हा तिला आठवण झाली. "ताटलीतलं मीठ कुठं टाकलंस?" म्हटलं, बरणीत. तिनं वाडगा खाली ठेवला... मग सांगितलं. पणजोबांच्या गावाकडची रीत. मेलेल्या माणसात जे काही राहून जातं ते मीठ ओढून घेतं, म्हणून दफन झालं की ते वाहत्या पाण्यात सोडायचं, कोणाच्या तोंडी लागू द्यायचं नाही. मी म्हटलं, "मीठ ते मीठ." तिनं वाडगा परत उचलला आणि उरलेली पेज खाऊन टाकली. म्हणाली, "आता राहिलंच काय?" दुसऱ्या दिवशी अख्खी बरणी खाडीत रिकामी केली.

ती ऑस्ट्रेलियाला गेली नाही. कागद पडून राहिले, भावांची पत्रं येत राहिली, मिठागरं एकेक करून बुजली, तरी ती इथंच. कोणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायची. "हिला विचार. इनं मना बापाचा हट्ट पेजेतून पाजला. इमानात बसाचं म्हटलं की बाप पोटातून नाय म्हनतो." पन्नास वर्षं हा टोमणा मी ऐकला. लोक हसायचे, मीही हसायची. पण मनात सल होता, खोटं कशाला बोलू? तिच्या हातानं हजार पोरं जगात आली, तिला स्वतःचं कोणी नाही. तिकडं गेली असती तर भावांच्या घरात राहिली असती. एकदा आम्ही दोघीच असताना विचारलं, "खरंच त्या पेजेमुळं राहिलीस का ग?" तर म्हणे, "पेज खारट होती, येवढंच आठवतं."

शेवटची भेट झाली ती जाण्याच्या पंधरा दिवस आधी. अंगात काही उरलं नव्हतं, पण जीभ तीच. "हिरे, माझं मीठ तू ठेव. लवीनाला जमाचं नाय, ती लाजंल. आनि या टायमाला बरनीत घालू नको." मी हो म्हटलं.

म्हणून फोन आल्यावर आधी अर्नाळ्याला गेले. सुकी मच्छी खारवणाऱ्या एका ओळखीच्या बाईकडून मूठभर खडे मीठ घेतलं. दुकानातल्या पिशवीतल्या मिठाला नोरा पीठ म्हणायची. नंदाखालला पोचले तर नोरा काचेखाली. पेटीवाला म्हणाला, "आजी, काच उघडायची नाय, थंडी निघून जाते." दोन दिवस मीठ माझ्या कनवटीला राहिलं. तिसऱ्या दिवशी भाचा आला. डेनिस त्याचं नाव, पन्नाशीचा, उन्हानं लाल झालेला. नोराला बाहेर काढून शवपेटीत निजवलं तेव्हा मी तिच्या मांडणीवरची इनॅमलची पांढरी ताटली घेतली, मीठ ओतलं आणि तिच्या छातीवर ठेवली. रोझरीची प्रार्थना म्हणणाऱ्या बायका थांबल्या. चर्चचे एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, "मावशी, हे आपल्यात नसतं." म्हटलं, "तुमच्यात नसेल. तिच्यात आहे." त्यांनी लवीनाकरवी डेनिसला विचारलं. तो म्हणाला, आमच्या घरी असं काही मी कधी पाहिलं नाही... सगळे माझ्याकडे बघायला लागले. ही आगऱ्याची म्हातारी ख्रिस्ती बाईच्या देहावर काय करतेय, असंच त्यांच्या डोळ्यांत होतं. गृहस्थांनी ताटलीला हात घातला. मी त्यांचं मनगट धरलं. म्हटलं, "त्याच्या बापाला विचारा."

डेनिसनं फोन लावला. नोराचा तो भाऊ नव्वदीला टेकलाय. मिठाचं ऐकून त्यानं ते कोणी ठेवलं, ते विचारलं. मग म्हणाला, आणि लवीनानं मला मराठीत सांगितलं, "राहू दे. नंतर पाण्यात सोडायला सांग. आणि तिला विचार, इथं माझ्या वेळी कोण ठेवील?" म्हटलं, पोराला शिकवते.

दफन झाल्यावर डेनिसच्या भाड्याच्या गाडीतून खाडीवर गेलो. लवीना सांगत होती आणि तो फोनमध्ये लिहून घेत होता: मूठभर, खडे मीठ, पेटी बंद करायच्या आधी उचलायचं. असं का, म्हणून त्यानं विचारलं. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. जिथं आमची मिठागरं होती तिथं आता इमारती आहेत, पाण्यापर्यंत जायला त्यांच्या भिंतीकडेनं चिखलातून चालावं लागलं. ताटली पालथी केली. मीठ गेलं.

घरी येऊन ताटली घासायला घेतली तर कडेला तीन-चार खडे चिकटून होते. ओल धरली होती त्यांनी. मी ते नखानं काढले आणि जिभेवर ठेवले. बरणीत घालू नको म्हणाली होती, बरणीत घातले नाहीत.

ताटली आमच्या मांडणीवर आहे. सून तीत कोणाला वाढत नाही. मी रोज तीत जेवते.