पडदा नसलेली पत्रिका

डोंबिवलीच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा पहिला प्रोग्राम मी सासऱ्यांसाठी लिहिला. जन्मवेळ टाकली की पत्रिका तयार. पुढे विंडोज आलं आणि तो अख्खा पुन्हा लिहावा लागला, कारण ग्रहांचं गणित आणि पडद्यावरची चित्रं मी एकमेकांत कालवून ठेवली होती. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे या वेळी गणित वेगळ्या फाईलीत ठेवलं आणि त्यात पडद्याचा उल्लेखही येऊ दिला नाही. माझ्या ठाण्याच्या ऑफिसातले सहकारी सगळं गणित पडद्यावरच्या बटणामागे कोंबून मोकळे व्हायचे. "घरच्या पत्रिकेला एवढं सोवळं?" म्हणून हसायचे. हसोत बापडे.

मग काचबिंदूने सासऱ्यांची नजर गेली. निवृत्तीनंतर पत्रिका बघण्यातच त्यांचा जीव होता. मी म्हटलं, "बाबा, आम्ही वाचून दाखवू की."

"लोक माझ्यापाशी मन मोकळं करतात, सूनबाई. त्यांच्या पत्रिका घरादारासमोर वाचायच्या नाहीत. बंद करतो मी."

आणि खरंच बंद केलं. आलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवायचे, मग दिवसभर पडून. मला ते बघवेना.

सासऱ्यांनी जन्मभर टायपिस्टची नोकरी केलेली, त्यामुळे त्यांच्या बोटांना कीबोर्ड पाठ होता. प्रश्न फक्त उत्तर ऐकवण्याचा होता. मी सासूबाईंना माइकसमोर बसवलं. खरं तर त्यांचं वाक्य अर्ध्यात तोडायची सासऱ्यांना जुनी खोड. बारा राशी, नऊ ग्रह, साठपर्यंतचे आकडे, सगळं त्यांनी म्हटलं. खिडक्या लावूनही 'कर्क'मध्ये ठाकुर्लीकडच्या मालगाडीचा भोंगा घुसलाच. "राहू दे गं, घसा बसला माझा," त्या म्हणाल्या. गणिताच्या फाईलीत मी एक अक्षरही बदललं नाही. पडद्याच्या जागी आवाज जोडला, एवढंच.

सासऱ्यांनी हेडफोन लावून स्वतःचीच पत्रिका टाकली, तोंडपाठ असलेली. कानात आधी ग्रह, मग रास, अंश अगदी शेवटी. सासूबाईंना राहवेना.

"बरोबर येतंय का हो?"

त्यांनी हात वर केला. "थांब. तू बोलतेयस."

सासूबाई खुर्चीवर टेकल्या. बऱ्याच वेळाने सासऱ्यांनी हेडफोन काढला. "बरोबर आहे. उद्या कोणी आलं तर आत पाठवा." मला रडूच फुटलं.

स्वयंपाकघरात आल्यावर सासूबाईंनी हळूच माझा दंड धरला. "बघितलंस? मधे एकदाही तोडलं नाही मला."