पेरूंची पाटी

संगणकापुढे वर्षं काढली, आणि माझी मान माझ्याआधी पोचायला लागली. "हनुवटी आत घ्या, कान खांद्यांच्या रेषेत आणा," डॉक्टरीणबाई महिनाभर सांगत होत्या. मला काही ते जमेना.

काल बाजारात एक पेरूवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, जरा हात लावा." दोघींनी मिळून भरलेली पाटी त्यांच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवली. वजन येताच त्यांची हनुवटी आत गेली, मान सरळ झाली, आणि माझ्या खांद्याएवढ्या मावशी एकदम उंच दिसू लागल्या.

"मान दुखत नाही?"

"पुढं काढली तर दुखणारच की!" असं म्हणून त्या ऐटीत निघाल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली.

मी फोन पर्समध्ये टाकला आणि तशीच ताठ मानेनं घरी आले. डोक्यावर काहीच नव्हतं, पण ते पडू द्यायचं नव्हतं.