गावदेवीपाशी दुपार

चंद्रावतीनं कधी कोणाला 'नाही' म्हटल्याचं सुकापुरात कोणाला आठवत नाही. जेवताना "अजून एक वाढू का?" असं कोणी विचारलं असतं, तर कदाचित म्हणालीही असती. पण तसं तिला कोणी विचारतच नाही. वाढणारी तीच असते.

चंद्रावती तांदळाच्या भाकऱ्या करते. पहाटे तळोज्याच्या कंपन्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे, आणि संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या हळदीची ऑर्डर. आमच्याकडे लग्न एक वेळ साधं झालेलं चालतं, हळद नाही. हळदीला मटण लागतं, मटणाला भाकरी लागते आणि भाकरीला चंद्रावती लागते. उकडीत हात घालताना तिला चटका बसत नाही असं लोक म्हणतात. बसतो. ती सांगत नाही, एवढंच.

घरात कमी काही नाही. जमीन गेली, तिच्या जागी टॉवर आले, पैशांतून तीन मजली घर झालं, दारात गाडी आली. मुलगा धनेश डंपर भाड्यानं लावतो, सून भाविका खांदेश्वरला बँकेत जाते. नवरा आनंदा दिवसभर नाक्यावर देशाचा कारभार बघतो आणि घरी आला की तिला म्हणतो, "तुना काय कमी हाय, कशाला राबतेस?" हे म्हणता म्हणताच तो चहाही मागतो. चहा घेताना पुढच्या रविवारी मित्राच्या पोराच्या हळदीला दोनशे भाकऱ्यांचा शब्द दिल्याचंही सांगून टाकतो.

अशा या बाईला दिवसातून एक फट सापडायची, दुपारची. डबे गेलेले असायचे आणि संध्याकाळचं पीठ अजून पिशवीत असायचं. तेवढ्यात ती गावदेवीच्या देवळात जायची.

देऊळ आता संगमरवरी झालंय. दोन टॉवरच्या मधे ते असं बसलंय, जसं काही आधी तेच आलं होतं आणि बाकीचे नंतर. म्हणजे खरंच तसंच आहे. दुपारी गाभाऱ्याची जाळी ओढून घेतात. देवीच्या विश्रांतीची वेळ. सभामंडप तेवढा उघडा असतो, आणि त्यात कोणी नसतं, कारण झोपलेल्या देवीकडे काय मागणार?

चंद्रावतीला हीच वेळ जमायची. चपला काढायची, फोनचा आवाज बंद करायची, खांबाला पाठ टेकवून बसायची आणि हात जोडून म्हणायची, "आय, आली गो मी."

पुढं बरंच काही म्हणायचं तिच्या मनात असायचं. पण या एका वाक्यानंतर तिच्या पापण्या आपोआप खाली यायच्या. जाळीच्या आत देवी, जाळीच्या बाहेर चंद्रावती, दोघी गप. थोड्या वेळानं ती उठायची तेव्हा तिचा चेहरा विहिरीवर तोंड धुऊन आल्यासारखा दिसायचा.

याची तिला लाज वाटायची. शेजारची शशिकला पोथी वाचते, उपास करते, आरत्या तिला तोंडपाठ. आणि आपण देवीसमोर मान टाकून बसतो. एकदा तिनं हे भाविकाला सांगितलं.

"देवीपुढं झोपनं म्हंजे पावन्याच्या घरी जाऊन घोरनं गो. कसली ही भक्ती?"

"आई, मग घरीच झोपा ना. एसी आहे."

"घरी मी आडवी झाली का तुमाला सगल्यांना भूक लागते."

भाविका हसली. सासूच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं.

घोटाळा केला तो शशिकलेनं, तोही चांगल्या मनानं. सकाळी देवळात विसरलेला चष्मा घ्यायला ती भरदुपारी आली, तर खांबाशी चंद्रावती. डोळे मिटलेले, हात मांडीवर, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. शशिकलेनं हाक मारली. पुन्हा मारली. मग ती चपला हातात घेऊन पावलं न वाजवता परत फिरली. संध्याकाळपर्यंत चंद्रावती भक्तीच्या कुठल्या पायरीला पोचलीय ते अर्ध्या सुकापुरानं ठरवून टाकलं होतं.

"ध्यान लागतं तिचं," शशिकला सांगायची. "हाका मारल्या, पापनी हलली नाय. आमी जलमभर पोथ्या वाचल्या, आमाला आपला शेजारच्या कुकरचा आवाज येतो."

चंद्रावतीला हे भाजीवालीकडून कळलं. खरं सांगायची संधी तिला तेव्हाच होती. पण भाकरीचं कौतुक तिनं आयुष्यभर ऐकलं होतं, भक्तीचं कधी नाही. पदराला हात पुसत ती नुसती "छे गो" म्हणाली आणि एक जुडी मेथी जास्त घेतली. एवढा दोष तिला द्यायलाच हवा.

मग गाऱ्हाणी यायला लागली. गावातली कुमुद लंगडत आली. "तुजं ती ऐकते. माज्या गुडग्याचं सांग गो." शशिकलेच्या मुलाचं, निनादचं लग्न जुळत नव्हतं. टॉवरमधली दिपिका लिफ्टमधून उतरून खास भाकऱ्यांच्या दारी आली आणि म्हणाली, "काकू, माझी बदली चाललीय पुण्याला. ती थांबू दे, एवढं प्लीज देवीला सांगा ना." हळदीच्या ऑर्डरसारखंच हेही. चंद्रावतीनं सगळ्यांना हो म्हटलं.

आता खांबाला टेकून कसं चालेल? लोकांचं काम डोक्यावर होतं. ती ताठ बसायची, डोळे उघडे ठेवायची आणि एकेकाचं नाव घेऊन देवीला सांगायची. जिथं झोप होती तिथं ऑफिस उघडलं. ऑफिस म्हटलं की चौकशा आल्याच.

"बोललीस ना?"

"बोलले."

"मग? ती काय बोलली?"

"ऐकलं तिनं."

"नुसतं ऐकलं?"

देवळातून येताना तिचा चेहरा आता तळोज्याची पाळी करून आल्यासारखा दिसायचा. रात्री अंथरुणावर पडलं की मधेच उठून बसायची, दिपिकाचं सांगायचं राहिलं म्हणून. आनंदाच्याही ते ध्यानात आलं, म्हणजे चहा दोनदा अळणी झाला तेव्हा. अळणी म्हणजे साखरेशिवाय. "रोज देवलात जातेस, तरी थकतेस कशी गो?" त्यानं विचारलं. देवळात जाते म्हणूनच थकते, हे तिच्या तोंडून निघालं नसतं.

आणि एका हळदीला ते झालंच. तव्यावर भाकरी टाकली, हात वरच राहिला आणि डोळा लागला. भाकरी कोळसा झाली आणि सावरायला गेलेली दोन बोटं तव्यावर टेकली. भाविकानं हात नळाखाली धरला, पट्टी बांधली, आणि उरलेल्या भाकऱ्या स्वतः थापल्या. त्या कुठल्याच देशाच्या नकाशासारख्या दिसत नव्हत्या, पण सगळ्या संपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकला दारात. रोडपालीच्या पोरीनं निनादला नकार कळवला होता.

"चंद्रे, माजं नीट सांगितलंस का तू? का त्या कुमुदच्या गुडग्यातच गुतलीस?"

चंद्रावतीनं पट्टी बांधलेला हात पदराखाली घेतला. "सांगितलं गो."

"मग असं कसं झालं?"

हा प्रश्न देवीला विचारायचा होता, विचारला गेला चंद्रावतीला. शशिकला गेल्यावर चंद्रावती ओट्याशी उभी राहिली आणि तिला वाटलं, आता देवळातसुद्धा जाऊ नये. जायला एकच जागा होती, तिचीही भीती वाटायला लागली होती.

तरी दुपारी पाय तिकडंच वळले. ती खांबापासून हातभर दूर, ताठ बसली. हात जोडले. डोकं दुखत होतं, बोटं ठणकत होती.

"आय," ती म्हणाली, "शशिकलाच्या निनादचा गुडगा बरा कर. आनि कुमुदला यंदा एक चांगली पोरगी..."

ती थांबली. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. सासू झालेली कुमुद मुंडावळ्या बांधून लंगडत बोहल्याकडे निघालीय, असं तिला दिसलं, आणि ती रिकाम्या सभामंडपात एकटीच खुदकन हसली. मग हसणं थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेही थांबेना.

"आय, मना कायच ध्यानात नाय रहात," ती शेवटी म्हणाली. "ज्याचं त्याचं तुना ठाव हाय, मी यायच्या आदीपासून ठाव हाय. मी कोन सांगनारी? तुजी झोपायची वेळ, आनि मी तुज्या उशाशी कटकट करते. चुकलं माजं. हे सगलं तुजं तू घे. माजंबी घे. मी नुसती बसते."

आणि ती खांबाला टेकली.

झोप लगेच आली नाही. पण एक गोष्ट झाली. डोक्यावरून पाटी उतरवल्यावर मान काही वेळ हलकी, अनोळखी वाटते, तसं तिला वाटलं. जाळीच्या आत समईची वात तेवढी जागी होती. चंद्रावतीला कळलं की गाऱ्हाणी यायच्या आधी ती जे करत होती, ती काही हलकी भक्ती नव्हती. एक वाक्य बोलायचं आणि मग देवीच्या भरवशावर डोळे मिटायचे. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यासमोर माणूस झोपत नाही. तिनं मनात देवीचे उपकार मानले, भाकरीचे, भाविकाच्या वेड्यावाकड्या भाकऱ्यांचे, अगदी आनंदाच्या चहाचेही. ते मोजता मोजता कधी डोळा लागला, कळलं नाही.

जागी झाली तेव्हा शशिकला पायरीवर बसलेली.

"काय बोलली देवी?" तिनं विचारलं. सकाळचा जोर नव्हता. रडून आली असावी.

चंद्रावती तिच्याशेजारी बसली. "शशी, खरं सांगते. माजं ध्यानबीन काय लागत नाय. मी हितं झोपते."

"झोपतेस?"

"झोपते. तू हाका मारल्यास तवाबी झोपलीच होती."

शशिकलेनं जाळीकडे बघितलं. "आनि देवी काय बोलत नाय?"

"नाय. या गावात ती एकच बाई हाय, जी मना उठवत नाय."

शशिकलेला हसू आलं, मग राग आला, मग पुन्हा हसू आलं. "म्हंजे आमी तुज्यापाशी गाऱ्हानी घेऊन येत होतो, ते..."

"ते तिला तुमी सांगायच्या आदीच ठाव होतं. निनादचं तू सांग तिला. आय तू हायस त्याची. नायतर सांगूबी नको, नुसती बस."

"नुसती?"

"नुसती."

शशिकला उठून गेली. आता गावभर काय होईल, हे चंद्रावतीला माहीत होतं, आणि नवल म्हणजे त्याची तिला काळजी वाटली नाही. कुमुदला तिनं स्वतःच सांगितलं, दिपिकालाही. कुमुद म्हणाली, "तरीच माजा गुडगा तसाच." दिपिका म्हणाली, "काकू, मी पण येऊ का एखाद्या सुट्टीला? मला झोपच लागत नाही हो."

दोन-चार दिवसांनी दुपारी चंद्रावती देवळात आली, तर पलीकडच्या खांबाशी शशिकला. हातात पोथी नव्हती. चंद्रावती आपल्या जागी बसली, "आय, आली गो मी" म्हणाली, आणि डोळे मिटणार तोच पलीकडून बारीक, लयीत घोरण्याचा आवाज यायला लागला. सगळ्या आरत्या पाठ असलेली बाई तोंड उघडं टाकून झोपली होती.

उठवावं का, असं क्षणभर चंद्रावतीच्या मनात आलं. मग ती हळूच उठली, भिंतीपाशी गेली, पंखा एक घर वाढवला आणि जाळीकडे वळून हात जोडले.

"बरं केलंस, आय," ती म्हणाली, आणि परत खांबाला टेकली.