आईनं न धरलेला आकडा

गारखेड्यातल्या कॉम्प्युटर क्लासात मी पहिला प्रोग्राम लिहिला, मनातला आकडा ओळखायचा. घरी आईला म्हटलं, एक ते शंभरमधला एक आकडा मनात धर.

प्रोग्राम विचारू लागला. पन्नासपेक्षा मोठा आहे का? "व्हय." पंचाहत्तरपेक्षा? "व्हय." प्रत्येक प्रश्नाला व्हयच. शेवटी प्रोग्रामनं शंभर सांगितला. "व्हय, बरोबर!" मी लई हुरळलो.

जेवताना ती म्हणाली, "मी कुठं आकडा धरला होता? तुझा खेळ बिघडू नये म्हणून व्हय म्हणत गेले."

मी भडकलो. खोटी उत्तरं दिल्यावर प्रोग्राम काय डोंबल ओळखणार?

तेव्हा ती आजारी होती, औषधं चालू होती. बरं वाटतंय का, मी रोज सकाळी विचारायचो. ती व्हय म्हणायची, आणि मी क्लासला निघून जायचो.