बाबांचं नाक

डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना संध्याकाळी एक प्रश्न हमखास पडतो, आज कसला वास येतोय? पूर्वी आमच्या सोसायटीत ह्याचं उत्तर तिसऱ्या मजल्यावर, आमच्या गॅलरीत मिळायचं. बाबांनी उभं आयुष्य केमिकल कंपनीत काढलेलं. ते डोळे मिटून दोनदा हुंगायचे आणि निकाल द्यायचे. एक तर 'खिडक्या लावा', नाहीतर 'काही नाही, जेवायला बसा'. सगळी बिल्डिंग ऐकायची.

आता लोक फेसबुकच्या ग्रुपवर विचारतात. पाच मिनिटांत साठ-सत्तर उत्तरं. एक म्हणतो गॅस, दुसरी म्हणते नाला, आणि एक बाई न चुकता कापूर जाळायला सांगतात. विठ्ठलवाडीहून कुणीतरी 'इकडे नाही' असं कळवतो, जसं काही आम्ही त्याच्यासाठी खोळंबलो होतो. घरात जाणता माणूस बसलाय आणि त्याला कुणी विचारत नाही, हे मला फार लागायचं. बाबा मात्र म्हणायचे, विचारू देत की. मला वाटायचं, मनातून खट्टू असणार.

गेल्या महिन्यात घशाला लागणारा वास सुटला. मी तावातावाने ग्रुपवर लिहिलं, उगाच तर्क लढवू नका, आमच्या बाबांना येऊन विचारा. थोड्याच वेळात खालच्या काकू, त्यांचे यजमान आणि शेजारच्या बिल्डिंगमधले दोघं दारात हजर. मी ऐटीत बाबांना गॅलरीत नेलं. त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग पाणी प्यायच्या निमित्ताने मला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"अगं, मला दोन वर्षं कसलाच वास येत नाही. त्या तापात गेला तो गेलाच. फोडणी जळली तरी कळत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता बाहेर काय सांगायचं, म्हणून मी विचारलं.

"काही सांगू नकोस. तुझ्या ग्रुपवर लोक काय म्हणतायत ते वाच. कोण कुठे राहतं तेही वाच."

मी सगळ्यांसमोर वाचत गेले. बाबा मध्येच थांबवून विचारायचे, ह्यांचे डोळे चुरचुरतायत की नुसता वास? मी ते ग्रुपवर विचारायचे, तिकडून उत्तर यायचं. चुरचुरणारे सगळे निघाले नाल्यापलीकडच्या गल्लीतले. वारा तिकडे वळलाय, बाबा म्हणाले, त्यांना आधी दारं-खिडक्या लावायला कळव आणि फायर ब्रिगेडला फोन लाव. मी दोन्ही केलं. काकू जाताना म्हणाल्या, विचारावं तर काकांनाच.

सगळे गेल्यावर बाबा गॅलरीतच उभे राहिले.

"कसा आहे गं वास?"

मला धड सांगता येईना. आंबट आहे, एवढंच मी म्हणाले. ते मान डोलावून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. मी कठड्याशी त्यांच्या शेजारी गेले आणि डोळे मिटून दोनदा हुंगलं.