तिरपं पाणी

आईच्या हाताचं हाड मोडलं, म्हणून मी दीड महिना सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी राहून नोकरीचं काम केलं. अंतराळातून परतणारी कुपी समुद्रात उतरते, तेव्हा आतल्या माणसांना किती हादरा बसेल हे संगणकावर आधीच पाहायचं, हे माझं काम. खरी कुपी शंभर वेळा पाण्यात टाकून पाहता येत नाही. संगणकात टाकता येते.

बाबा जन्मभर तलावात मासे धरणारे. एका दुपारी ते फाटलं जाळं सांधत माझ्या मागे बसले होते. पडद्यावर कुपी पॅराशूटखाली तिरपी लटकत आली आणि तिची कड आधी पाण्यात घुसली.

"हे तिरपी काऊन सोडून राह्यली तू?"

"सपाट तळ आदळला तर पाणी दगडासारखं लागते, बाबा. कड आधी गेली की हळूहळू आत शिरते."

"अन् पानीच तिरपं असन तं?"

त्या आठवड्यात मी शांत पाण्याचीच गणितं करत होते. लाटा नंतर घ्यायच्या होत्या. तसं सांगितल्यावर त्यांनी जाळं खाली ठेवलं.

"मी डोंग्यातून पडलो होतो, आठवते तुले?"

आठवत होतं. ते होडीतून तलावात पडले तेव्हा मी शाळेत होते. कितीतरी दिवस त्यांना कुशीवर वळता येत नव्हतं.

"वारा सुटला होता. मी सपाट नाई पडलो, तिरपाच पडलो. पन लाट बी तशीच तिरपी उभी. पुरी पाठ तिच्या अंगावर बसली." त्यांनी एक तळवा कलता धरला आणि दुसरा त्याच्यावर चपकन मारला.

संध्याकाळपर्यंत मी कुपीइतकाच उतार असलेली लाट बनवली. हादरा आसनाच्या मर्यादेबाहेर गेला. आधी वाटलं, माझंच काही चुकलं. दोन दिवस संगणकातल्या पाण्याचे आणखी बारीक तुकडे पाडून पुन्हा मोजलं, उत्तर तेच. मग वरिष्ठ बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "लाटांची गणितं आधी घे. बाकीचं थांबव."

पुढे किती उंच लाटांत कुपी उतरवायची नाही, याची मर्यादा ठरली. आसनांखालचे धक्का झेलणारे भाग नव्याने तपासायला घेतले. मग छोटी प्रतिकृती खऱ्या पाण्यात टाकून पाहिली, तेव्हा बहुतेक आकडे जुळले. एका ठिकाणी मात्र माझा आकडा खऱ्या हादऱ्यापेक्षा कमी निघाला होता.

फोनवर बाबांना सगळं सांगितलं. त्यांचं नाव कुठल्याच अहवालात नाही, हेही सांगितलं. मला त्याचं वाईट वाटत होतं. त्यांनी ते कानाआड केलं.

"एक आकडा कमी आला म्हनते ना तू?"

"हो."

"मानसं बसाची हायेत त्यात. तो पुन्हा पाह्य."

दुसऱ्या दिवशी मी तेच काम हाती घेतलं.